उभ्या विमानाचा वैरी

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा या धान्याच्या मुलखात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मक्याची आणि सोयाबीनची कापणी उरकली, म्हणजे उन्हाळाभर उभ्या पिकाच्या आश्रयाने वाढलेल्या उंदरांचा आडोसा एकाएकी नाहीसा होतो आणि थंडीची चाहूल लागताच ते जवळच्या कोठारांत, गोठ्यांत आणि घरांत शिरकाव करू लागतात. या मुलखात शेतांना लागूनच लहान लहान विमानतळ आहेत, आणि तेथील पत्र्याच्या विमानघरांत शेतकऱ्यांची, डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची खाजगी विमाने उभी असतात. सेसना आणि बीचक्राफ्ट या कंपन्यांची लहान विमाने ज्या विचिटा शहरी घडली, ते शहरही कॅन्ससमधलेच. १९५५ साली प्रथम आकाशात गेलेले आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेले ‘सेसना १७२’ हे विमान याच कारखानदारीचे अपत्य होय. दोन-चार माणसांना वाहून नेणाऱ्या अशा विमानांच्या मालकांपुढे दरवर्षी शरद ऋतूत जो प्रश्न उभा राहतो, तो पंधरा-वीस ग्रॅम वजनाच्या प्राण्याचा असल्यामुळे प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो; परंतु ज्याने त्याची हयगय केली, त्याच्या विमानाचा पंख पुढे कधीतरी उकलून पाहावा लागतो, आणि आत जे दिसते ते मुळीच क्षुल्लक नसते.

विमान हे उंदरास इतके सोयीचे का वाटते, याचे उत्तर विमानाच्या रचनेत आहे तितकेच त्याच्या मालकाच्या दिनचर्येत आहे. प्रवासी कंपन्यांची विमाने दिवसाचा बहुतेक काळ उडत किंवा माणसांनी वेढलेली असतात. खाजगी विमान मात्र आठवडेच्या आठवडे एका जागी निश्चल उभे असते. त्याचा पंख आतून पोकळ, शेपटीकडील भाग अंधारा आणि निमुळता, आसनांत स्पंज, छताच्या अस्तरामागे आवाज शोषणारे मऊ थर, कप्प्यांत कागदी नकाशे, आणि विसरलेल्या बिस्किटांचा चुरा. घरटे बांधण्यास लागणारे सामान आणि ते बांधण्यास लागणारी शांतता या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्यावर उंदरास आणखी काय हवे? मादी सुमारे वीस दिवस गर्भ वाहते, एका वेळी पाच-सहा पिले देते, आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. नोव्हेंबरात कुलूप लावून मार्चमध्ये उघडलेल्या विमानात एका जोडप्याच्या जागी एक सबंध कुटुंबकबिला नांदत असलेला आढळतो, तो या हिशेबानेच.

उंदीर आत शिरतो कोठून, हे नीट समजल्याशिवाय त्याचा बंदोबस्त करणे अशक्य आहे. ज्या छिद्रातून त्याची कवटी जाते त्यातून त्याचे सगळे अंग जाते, आणि त्यासाठी सुमारे सहा-सात मिलिमीटरची फट पुरेशी होते. विमानाच्या अंगावर अशा वाटा थोड्याथोडक्या नाहीत. सुकाणू हलवणाऱ्या तारा जेथून बाहेर येतात ती छिद्रे, पंख आणि धड यांच्या सांध्यातील फट, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांजवळील मोकळी जागा, एंजिनाला थंड हवा मिळावी म्हणून ठेवलेली समोरची तोंडे, बैठकीत हवा आणणारे झरोके, ही सारी त्याची प्रवेशद्वारे होत. परंतु या द्वारांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यास आधी जमिनीवरून वर चढावे लागते, आणि ही चढण बहुधा चाकावरून होते. रबरी टायर त्याच्या नखांना उत्तम पकड देतो. टायरवरून तो चाकाच्या दांड्यावर आणि दांड्यावरून धडाच्या पोटाशी असलेल्या फटीत जातो. याखेरीज विमान उघड्यावर बांधून ठेवण्याचे दोर, पुढच्या चाकाला अडकवून तशीच ठेवलेली ओढदांडी, पंखाला टेकवलेली शिडी, हिवाळ्यात एंजिन कोमट राहावे म्हणून लावलेल्या विजेच्या शेगडीची वायर, हे सगळे त्याच्यासाठी बांधून ठेवलेले जिनेच होत. त्या शेगडीमुळे तर एंजिनाचे आच्छादन बर्फाळ रात्री साऱ्या विमानघरातील सर्वांत उबदार जागा बनते.

आत गेलेला उंदीर जे नुकसान करतो त्यातील काही भाग लगेच दृष्टीस पडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि म्हणून त्यास सतत काहीतरी कुरतडावे लागते. तो तारांवरचे वेष्टन सोलतो, त्यामुळे दिवे आणि रेडिओ बंद पडतात आणि उघड्या तारा एकमेकींस चिकटून आगीचा संभव निर्माण होतो. तो आसनांचा स्पंज कुरतडतो, हवेच्या नळ्या फोडतो, आणि गवत, कागद, कापूस यांचा गोळा करून तो एंजिनाच्या हवेच्या गाळणीपाशी किंवा सुकाणूच्या तारेच्या कप्पीपाशी रचतो. बैठक गरम करण्यासाठी धुराच्या नळीभोवती जे कवच असते त्यात किंवा तेथून निघणाऱ्या नळीत घरटे झाले, तर पहिल्या थंड सकाळी वैमानिकाने उष्णतेची कळ ओढताच जळकट वास आणि लेंड्यांची धूळ त्याच्या तोंडावर येते. हे सारे उपद्रव त्रासदायक खरेच, पण ते उघड आहेत. तुटलेली तार आपल्या तुटण्याची खबर देते. खरा घात ज्या गोष्टीमुळे होतो ती दातांची नव्हे, मूत्राची आहे, आणि तिची खबर देणारे कोणीच नसते.

हा घात समजण्यासाठी विमानाच्या पत्र्याचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. शुद्ध अॅल्युमिनिअम हलके असते पण मऊही असते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याने १९०६ साली असा शोध लावला, की त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशिअम मिसळून, तापवून, एकदम निववून काही दिवस ठेवले असता ते आपोआप कठीण होत जाते. यातूनच ड्युराल्युमिन ही मिश्रधातू जन्मास आली आणि धातूची विमाने शक्य झाली. परंतु ज्या तांब्याने ही धातू बळकट केली त्यानेच तिला गंजण्यास सुलभही केले. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत तिच्या दोन्ही बाजूंस शुद्ध अॅल्युमिनिअमचा पातळ थर चढवण्याची युक्ती निघाली. हा थर प्रत्येक बाजूस एकूण जाडीच्या सुमारे पाच टक्के असतो. लहान विमानाच्या अंगाचा पत्रा पुष्कळ ठिकाणी अवघा अर्धा मिलिमीटर जाड असतो. म्हणजे त्याचे रक्षण करणारा थर एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका. त्यावरही निसर्गाने ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा दिलेला असतो, आणि कोरड्या, स्वच्छ हवेत या दोघांच्या भरवशावर विमान पन्नास-साठ वर्षे सुखाने टिकते.

उंदीर हा ज्या वाटेने जातो त्या वाटेवर थेंबाथेंबाने मूत्र सांडत जातो, कारण आपल्या वावराची खूण ठेवण्याची त्याची हीच रीत आहे. त्या मूत्रात क्षार असतात, आणि त्यांतील क्लोराइड ऑक्साइडच्या पापुद्र्याला सुईच्या अग्राएवढी भोके पाडते. त्यातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया निघतो, आणि अल्कधर्मी द्रावणात तो पापुद्रा टिकाव धरत नाही. याहून वाईट भूमिका घरट्याची असते. गवताचा आणि कापसाचा तो गोळा पत्र्यास चिकटून बसतो, हवेतील दमट भाग शोषून घेतो, आणि जी ओल एरवी तासाभरात वाळली असती तिला महिनोन्महिने एकाच जागी धरून ठेवतो. संरक्षक थर एकदा भेदला गेला, की खालच्या मिश्रधातूत खड्डे पडू लागतात. कित्येकदा हा क्षय धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत पसरत जातो, तेव्हा वरून पत्रा जवळजवळ अखंड दिसतो आणि आतून त्याचे पापुद्रे सुटलेले असतात. रिव्हेटांनी जोडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये ओल गेली, तर तेथे साचलेली पांढरी भुकटी फुगून पत्र्यांना अलग करू लागते. जुन्या लहान विमानांपैकी पुष्कळांच्या पंखांस आतून रंगाचा लेपही दिलेला नसतो, म्हणून तेथे हा क्रम अधिकच लवकर घडतो. ज्या कवचावर उड्डाणाचा सगळा भार येतो ते कवचच झिजत असते, आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत असतो.

कापडाने मढवलेल्या विमानांची कथा थोडी निराळी, पण सुखाची नाही. १९३७ ते १९४७ या दशकात सुमारे वीस हजारांच्या संख्येने बनलेले ‘पायपर कब’ हे पिवळे विमान अजूनही अनेकजण जिवापाड जपतात. त्याच्या पंखावरील कापड आतील फासळ्यांना दोरीने टाके घालून बांधलेले असते. या दोऱ्या उंदराने कुरतडल्या तर कापड उचलले जाण्याचा धोका राहतो. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, आणि हे विमान शेपटीवर टेकून उभे राहात असल्यामुळे आत पडलेले पाणी, मूत्र, कचरा सगळे घरंगळत शेपटीच्या टोकाशी, खालच्या नळ्यांच्या सांध्यावर जाऊन साचते. तेथे गंजलेली नळी कापडाच्या आत झाकलेली असते, आणि ती पाहण्यासाठी मुद्दाम वाकून दिवा धरावा लागतो.

विमानाच्या आरोग्यानंतर माणसाच्या आरोग्याचा विचार केला पाहिजे. खरे तर तो आधीच करावयास हवा. उत्तर अमेरिकेत घरातल्या उंदराबरोबरच तपकिरी पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा एक रानउंदीर विमानघरांत येतो, ज्यास तेथे डिअर माउस म्हणतात. १९९३ सालच्या वसंतात न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो आणि यूटा या चार राज्यांच्या सीमा जेथे मिळतात त्या प्रदेशात धडधाकट तरुण माणसे श्वास कोंडून मरू लागली. शोधाअंती असे ठरले, की या रानउंदराच्या मूत्रातून आणि विष्ठेतून हवेत उडणाऱ्या हंटा विषाणूचे ते कृत्य होते. हा रोग विरळा आहे, पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी शंभरांत पस्तीसहून अधिक दगावतात. म्हणून वाळलेले घरटे झाडूने झाडणे किंवा साध्या व्हॅक्यूमने ओढून घेणे ही गोष्ट कटाक्षाने टाळली पाहिजे. आधी दारे उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी, रबरी हातमोजे घालावे, सगळा कचरा जंतुनाशकाने चिंब भिजवावा, काही मिनिटे थांबावे आणि मगच तो ओल्या फडक्याने उचलावा. येथे एक अडचण आहे, आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घराच्या फरशीवर यासाठी पाण्यात कालवलेले ब्लीच वापरण्याचा दंडक आहे. पण ब्लीच अॅल्युमिनिअमला खाते, म्हणून विमानाच्या अंतर्भागात अॅल्युमिनिअमला न बाधणारे दुसरे जंतुनाशक निवडावे, आणि काम होताच ती जागा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी.

आता इलाजांकडे वळू. प्रथम ज्या इलाजांवर भिस्त ठेवू नये त्यांची वासलात लावणे बरे. पेपरमिंटच्या तेलाचा फाया, सुगंधी कापडाचे तुकडे, साबणाच्या वड्या यांच्यावर अनेकांची श्रद्धा असते. परंतु वास दोन आठवड्यांत विरतो आणि थंडी चार महिने राहते, आणि त्याच सुगंधी तुकड्यांनी घरटे शिवलेले आढळल्याचे अनुभवी मेकॅनिक सांगतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद बैठकीत माणसाच्याच डोक्यात जाते. माणसाच्या कानास न कळणारा आवाज काढणाऱ्या विद्युत्‌यंत्रांविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली ती बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना ताकीद दिली, की गुणकारितेचे दावे शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध करता आले पाहिजेत. विषाचा प्रयोग तर विमानाच्या बाबतीत अगदीच अविचाराचा होय. रक्त गोठू न देणारी जी विषे १९४८ पासून वॉरफारिनच्या रूपाने प्रचारात आली ती काही दिवसांनी मारतात, आणि तेवढ्या अवधीत उंदीर पंखातील अशा कोपऱ्यात जाऊन मरतो, की तेथे हात पोहोचत नाही. शिवाय तो मेलेला उंदीर ज्या घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो त्यासही ते विष भोवते.

खरा उपाय वाट अडवण्याचा आहे, आणि त्याचा धडा दर्यावर्दी लोकांनी फार पूर्वी घालून दिलेला आहे. बंदरात नांगरलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या तबकड्या बसवतात, कारण उंदीर दोरावरून सहज चालतो पण गुळगुळीत पत्र्याची कड त्यास ओलांडता येत नाही. विमानाच्या प्रत्येक चाकाभोवती गुळगुळीत अॅल्युमिनिअमच्या किंवा जस्ती पत्र्याचे, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचे, जमिनीशी घट्ट बसणारे कडे उभे करणे हा त्याच तत्त्वाचा उपयोग होय. घरातील उंदीर उभा सुमारे ३० सेंटिमीटर उडी मारतो आणि खरबरीत भिंत चढतो, पण गुळगुळीत पत्र्यावर त्याच्या नखांना थारा मिळत नाही. हे कडे चाकापासून पुरेसे दूर असावे, त्याच्या आत किंवा बाहेर पेटी, फळी टेकवलेली नसावी, आणि मुख्य म्हणजे तिन्ही चाकांखेरीज विमानाचा जमिनीशी दुसरा कोणताही संबंध राहू देऊ नये. ओढदांडी काढून भिंतीस टांगावी, शिडी दूर न्यावी, आणि शेगडीची वायर वरून लोंबती आणावी. एक वाट मोकळी राहिली तर बाकीच्या सगळ्या अडवल्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरी फळी विमानघराची आणि तिसरी सापळ्यांची. विमानघराभोवतीचे गवत छाटून मोकळा पट्टा ठेवावा, दाराखालच्या फटीस पत्र्याची किंवा जाड रबराची पट्टी लावावी, भिंतीतील भोके सहा मिलिमीटरच्या तारेच्या जाळीने बुजवावी, आणि आत जुनी गोणपाटे, खोकी, पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचे खाद्य यांतले काहीही ठेवू नये. विमानातील आणीबाणीचा शिधा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालावा. उंदीर आपल्या मिशा भिंतीस लावून कडेकडेने चालतो, म्हणून चाप भिंतीलगत, त्याची आमिषाची बाजू भिंतीकडे करून आडवे मांडावे. घुशी आणि मोठे उंदीर नव्या वस्तूस बिचकतात; लहान उंदीर मात्र कुतूहलाने लगेच तिच्यापाशी जातो, त्यामुळे एका चापाऐवजी अनेक चाप एकदम मांडले असता पहिल्या दोन-तीन रात्रीतच काम होते. शेंगदाण्याचे लोणी त्याला आवडते. चाप शक्यतो विमानाबाहेर असावे, कारण उंदीर आत येण्यापूर्वीच त्याचा निकाल लागणे इष्ट. आणि तडफडत ठेवणाऱ्या चिकट फळ्यांपेक्षा क्षणात मारणारा चाप अधिक दयेचा आहे.

विमानाच्या अंगावरील छिद्रे बुजवताना मात्र सावधगिरी हवी. एंजिनाची तोंडे आणि झरोके यांसाठी बेताचे कापलेले बोळे मिळतात. त्यांना लांब, लाल फिती असाव्यात आणि उड्डाणापूर्वी ते मोजून काढावेत, कारण विसरलेला बोळा हा उंदराहून अधिक घातक ठरतो. इमारतीच्या फटीत कोंबतात ती पोलादी तारेची लोकर विमानात कधीही वापरू नये. तिचे कण अॅल्युमिनिअमला लागून ओलाव्यात गंजाचे केंद्र बनतात. पंखाच्या व धडाच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे आणि इंधनाच्या टाकीचा श्वासमार्ग यांना हात लावू नये. कायमची जाळी बसवणे हा विमानाच्या रचनेतील बदल होय, आणि तो परवानाधारक मेकॅनिकच्या संमतीवाचून आणि नोंदवहीत दाखला केल्यावाचून करू नये.

एवढे करूनही पाहणी चुकत नाही. अमेरिकेत खाजगी विमानाची सविस्तर तपासणी दर बारा महिन्यांनी करून घेण्याचा कायदा आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्यास उंदराला बारा महिने फार झाले. थंडीच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी एकदा आसनाखालची जमीन, छताच्या अस्तराच्या कडा, शेपटीकडील पोकळी आणि पंखाच्या तळावरील तपासणीच्या झाकणांपैकी दोन-चार उघडून दिव्याने पाहावीत; लेंड्या, कागदाचा चुरा, अमोनियाचा उग्र दर्प यांपैकी एकही खूण दिसली तर उरलेली सगळी झाकणे उघडावीत. घरटे सापडल्यास ते काढून जागा धुवावी आणि कोरडी करावी, पांढरी भुकटी दिसल्यास मेकॅनिककडून क्षयाची खोली मोजून घ्यावी, आणि पत्रा मर्यादेत असेल तर तो साफ करून त्यावर रासायनिक संस्कार, अस्तराचा रंग आणि गंजरोधक तेल द्यावे. मर्यादेबाहेर गेला असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. या सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय मात्र विमान नियमाने उडवण्याचा आहे. कंप, आवाज, उष्णता आणि माणसांची वारंवार होणारी ये-जा यांमुळे उंदरास हवी असलेली शांतता मोडते, आणि त्याबरोबर मालकाचा डोळाही वरचेवर विमानावरून फिरतो.

मोठी विमाने चालवणारेही या प्राण्यास किती गांभीर्याने घेतात, हे आपल्याकडील एका प्रसंगावरून दिसून येते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान, आत उंदीर दिसल्याची खबर मिळताच, वाटेतून मुंबईस परत आणण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्लोहून स्पेनमधील मालागाकडे जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाच्या जेवणातून जिवंत उंदीर बाहेर पडला, तेव्हा तेही कोपनहेगनला उतरवले गेले. उंदराने कोणती तार कुरतडली आहे हे आकाशात असताना समजू शकत नाही, एवढे कारण या निर्णयांस पुरेसे आहे. मोठ्या कंपनीपाशी दुसरे विमान असते, तपासणीसाठी माणसे असतात. धुळ्याच्या किंवा बारामतीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या शिकाऊ विमानाच्या पाठीशी मात्र, विचिटाजवळच्या खाजगी विमानाप्रमाणेच, मुख्यतः त्याची निगा राखणाऱ्याची नजर असते. बारामतीच्या परिसरात ऊस आहे, आणि ऊस जेथे आहे तेथे उंदीर व घुशी आहेत; म्हणून वर सांगितलेल्या खबरदाऱ्यांतील बहुतेक तेथेही जशाच्या तशा लागू पडतात.

उंदीर हा काही दुष्ट प्राणी नव्हे. कापलेल्या शेतातून निघून त्याने थंडीत पिलांसाठी कोरडी जागा शोधली, यात त्याचा अपराध नाही. अपराध घडतो तो विमान उभे करून पाठ फिरवणाऱ्याकडून. उडणाऱ्या यंत्राची देखभाल उड्डाणाच्या दिवसापुरती मर्यादित नसते. ते न उडता ज्या असंख्य रात्री काढते त्या रात्रींचा हिशेबही त्याच्या पंखात लिहिला जातो. जो मालक उंदरासाठी म्हणून तपासणीचे झाकण उघडतो त्यास तेथेच सैल झालेला रिव्हेट दिसतो, झिजलेली तार दिसते, झिरपणारे इंधन दिसते. आणि म्हणून ही झाकणे उघडण्याची सवय ज्याने अंगी बाणवली, त्याने एका क्षुद्र प्राण्याचाच नव्हे, तर आपल्या भरवशावर शेजारच्या आसनात बसणाऱ्या माणसाच्या प्राणांचाही बंदोबस्त केला असे समजावे.